मयताच्या फंडापासून संपाच्या ठरावापर्यंत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा जमेल तितकी तशीच ठेवली आहे.)



तुमच्यातले बरेच जण मनात म्हणत असतील, इथं आपलेच प्रश्न डोक्यावर नाचतायत आणि हा बाबा मेक्सिकन मजुरांची मंडळं कुठून घेऊन आला? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी नातं सांगतो, मग गोष्ट सांगतो.

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठून आलं? अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. 1966 साली कॅलिफोर्नियात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली, तिचं नाव आपल्या पोरांनी उचललं. हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच कॅलिफोर्नियात आणखी एक जमात राबत होती. गव्हाळ कातडीची, स्पॅनिश बोलणारी, मळ्यात द्राक्षं तोडणारी, रेल्वेचे रूळ टाकणारी. त्यांच्या पोरांनीही त्याच दशकात डोक्यावर तपकिरी टोप्या चढवल्या आणि 'ब्राऊन बेरेट' नावाची संघटना काढली. 1969 साली त्यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये मोफत दवाखाना उघडला. 29 ऑगस्ट 1970 ला व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध तिथंच प्रचंड मोर्चा निघाला. त्या दिवशी पोलिसांच्या अश्रुधुराचं नळकांडं डोक्यात बसून रुबेन सालाझार हा पत्रकार मेला. मेक्सिकन वस्तीची बाजू मोठ्या वर्तमानपत्रात मांडणारा माणूस होता तो.

ही पोरं काही आभाळातून पडली नव्हती. त्यांच्या आज्यापणज्यांनी त्या देशात शंभर वर्षं एक काम केलं होतं. वर्गणी काढून मयत उचलायचं काम. मी आज त्या कामावर बोलणार आहे. कारण माझं म्हणणं असं आहे की, त्या वर्गणीच्या वहीतून त्यांचा सण निघाला आणि सणातून त्यांचा लढा. आणि जिथं वही हातची गेली तिथं सण राहिला, लढा गेला.

आता मुळापासून घेऊ.

1846 ते 1848 या काळात अमेरिकेनं मेक्सिकोवर युद्ध लादलं. 2 फेब्रुवारी 1848 ला ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला. मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेनं गिळला. आज ज्याला कॅलिफोर्निया, नेवाडा, अॅरिझोना, न्यू मेक्सिको म्हणतात तो बहुतेक मुलूख त्यातलाच. टेक्सास त्याआधीच गेला होता. त्या मुलखात राहणारे सुमारे लाखभर मेक्सिकन रात्री स्वतःच्या देशात झोपले आणि सकाळी परक्या देशात उठले. त्यांच्यात एक म्हणणं आजही चालतं: आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं.

तहाच्या कागदावर त्यांना नागरिकत्व होतं, जमिनीची हमी होती. कागदावर! कोर्टाची भाषा इंग्रजी, वकील गोरा, मोजणीदार गोरा. वीसतीस वर्षांत जमिनी गेल्या. मालक होते ते आपल्याच जमिनीवर मजूर झाले. मग रेल्वे आली, तांब्याच्या खाणी आल्या, कापूस आला, बीट आलं, आणि मजूर कमी पडायला लागले. 1910 साली मेक्सिकोत क्रांती पेटली तेव्हा दुष्काळानं आणि गोळीबारानं हाकललेली लाखो माणसं उत्तरेला आली. 1930 च्या अमेरिकन जनगणनेत 'मेक्सिकन' ही वेगळी 'वंशा'ची रकाना-नोंद केली गेली. तिच्यात 14 लाखांवर माणसं भरली.

या माणसांचं जगणं कसं होतं? गावाच्या पलीकडे, रुळाच्या खालच्या अंगाला वस्ती. टेक्सासात शाळा वेगळी, कैक गावांत स्मशानभूमीतसुद्धा त्यांच्यासाठी वेगळा कोपरा. हॉटेलच्या दारावर पाटी: मेक्सिकनांना मज्जाव. तुम्हाला हे वर्णन समजावून सांगायची गरज नाही. आणि वर झुंडशाही. 1848 ते 1928 या ऐंशी वर्षांत जमावानं ठार केलेल्या मेक्सिकनांची 500 च्या वर प्रकरणं इतिहासकारांनी कागदोपत्री शोधून काढली आहेत. ज्यांची नोंदच झाली नाही ते वेगळे.

अशा माणसाला खाणीत दगड लागला, रुळावर पाय तुटला, तर कोण विचारणार? मुकादम दुसरा माणूस उभा करतो. विम्याचं तर नावच काढू नका, एवढ्या गरिबाला आणि त्यातून मेक्सिकनाला कोण विमा देतो? आणि मेला तर? तर बेवारस. कोऱ्या लाकडाची पेटी नाही, पाद्री नाही, मेणबत्ती नाही. माणूस जन्मभर उपेक्षेत जगतो त्याची सवय होते, पण मढं बेवारस पडण्याची भीती त्याला जिवंतपणी झोपू देत नाही. ही भीती आपल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होती.

या भीतीतून त्यांनी मंडळं काढली. स्पॅनिशमध्ये त्यांना म्हणायचे 'सोसिएदाद मुतुआलिस्ता', थोडक्यात 'मुतुआलिस्ता'. अर्थ सरळ आहे, एकमेकांना धरून राहणाऱ्यांचं मंडळ. काम कसं चालायचं ते नीट ऐका, कारण खरी ताकद तपशिलात आहे.

दर सभासदानं ठरलेली मासिक वर्गणी द्यायची. आजारी पडलेल्याला काही आठवडे घर चालेल एवढी मदत. आजार खरा की खोटा हे बघायला मंडळाची समिती घरी जाणार, पण ती नुसती चौकशी करून परतणार नाही, रात्री उशाशी बसायचं कामही तिचंच. सभासद मेला की पुरण्याचा खर्च मंडळाचा, विधवेच्या हातात ठरलेली रक्कम, आणि सगळ्या सभासदांनी प्रेतयात्रेला मंडळाचा झेंडा घेऊन हजर राहायचं. पुढे पुढे मंडळांनी कर्जं दिली, वाचनालयं काढली, रात्रीचे वर्ग चालवले, पोरांना स्पॅनिश शिकवणाऱ्या छोट्या शाळा काढल्या. स्वतःचे सभागृह बांधले.

अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडणुकीनं ठरायचे. इतिवृत्त लिहिलं जायचं. हिशेब सभेत मोठ्यानं वाचला जायचा. जो माणूस दिवसभर मुकादमाच्या शिव्या खातो तो रात्री उभा राहून विचारतो, "खजिनदार, मागच्या महिन्याचे अडीच डॉलर कुठं गेले?" दोस्तहो, हा प्रश्न विचारता येणं म्हणजेच राजकीय शिक्षण. लोकशाहीचं पुस्तक त्यांनी वाचलं नसेल, पण ती त्यांनी चालवून बघितली होती.

मंडळांना नावं कुणाची? मिगेल इदाल्गो, ज्यानं 1810 साली स्पेनविरुद्ध बंड पुकारलं. बेनितो हुआरेस, जो सापोतेक आदिवासी होता, लहानपणी आईबाप गेलेला, आणि मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला. कुआउतेमोक, स्पॅनिशांशी लढलेला शेवटचा अॅझ्टेक राजा. नाव ठेवणं ही साधी गोष्ट नसते. आपल्याला हे कुणी सांगायला नको. आपल्या माणसांनी नावं बदलली, विहारांना नावं दिली, विद्यापीठाच्या नावासाठी जीव दिले.

आणि गंमत बघा. यातल्या कित्येक मंडळांच्या घटनेत कलम असायचं की, सभेत धर्म आणि राजकारण यांवर बोलायचं नाही. कशासाठी? भांडणं नकोत, पोलीस नकोत. ठीक. पण ज्या समाजानं तुमचं मढंही मोजायचं नाकारलं त्याच्या रस्त्यावरून तुम्ही झेंड्यासकट प्रेतयात्रा काढता, हेच राजकारण झालं की! कलम काहीही म्हणो.

आता सणाकडे येतो.

या मंडळांचे दोन मोठे दिवस. पहिला 16 सप्टेंबर, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. इदाल्गोनं दोलोरेस गावात चर्चची घंटा वाजवून बंडाची हाक दिली तो दिवस. दुसरा 5 मे. या 5 मेची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिचा आज पार चोथा केलेला आहे.

1862 साली फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनचं सैन्य मेक्सिकोत घुसलं. 5 मेला पुएब्ला शहरापाशी मेक्सिकन फौजेनं त्याला तुडवून मागं लोटलं. सेनापती इग्नासियो सारागोसा. त्याचा जन्म 1829 चा, टेक्सासातला, टेक्सास मेक्सिकोचं होतं तेव्हाचा. याच वेळी अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावर यादवी पेटलेली होती. मेक्सिकोनं गुलामी 1829 सालीच रद्द केली होती. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन मजुरांना, सोन्याच्या खाणीतल्या माणसांना, दोन्ही लढाया एकच दिसल्या. तिकडे बादशहा, इकडे गुलामांचे मालक. त्यांनी गावोगाव देशभक्त समित्या काढल्या. कॅलिफोर्निया, नेवाडा आणि ओरेगॉन धरून अशा शंभरावर समित्या झाल्या. दर महिन्याला वर्गणी गोळा करायची आणि हुआरेसच्या फौजेसाठी पाठवायची. पुएब्लाच्या विजयाचा वाढदिवस साजरा करायचा. म्हणजे अमेरिकेतला 5 मेचा सण जन्मला तो वर्गणीच्या पेटीसोबत आणि गुलामीविरुद्धच्या घोषणेसोबत. तो नुसता नाचगाण्याचा दिवस कधीच नव्हता.

सण व्हायचा कसा? महिनादोन महिने आधी समिती निवडायची. पावती पुस्तकं छापायची. मंडळाचे झेंडे, कमरेला पट्टे, पुढं बँड. बायका घरोघरी तामाले उकडायच्या, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून मक्याच्याच सालात गुंडाळलेला पदार्थ, आणि त्याच्या विक्रीचा पैसा फंडात. पोरं कविता म्हणायची, नाटुकलं व्हायचं, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला जायचा. 15 सप्टेंबरच्या रात्री इदाल्गोची हाक पुन्हा द्यायची आणि सगळ्यांनी 'व्हिवा!' म्हणून ओरडायचं. ज्या रस्त्यावरून आदल्या दिवशी मान खाली घालून कामाला गेलो त्याच रस्त्यावरून आज मान वर करून, वाजतगाजत. गोरा दुकानदार दारात उभा राहून बघतोय. त्याला कळतं, हे मोजके नाहीत, पुष्कळ आहेत. आणि ह्यांनाही कळतं, आपण पुष्कळ आहोत!

इथंच मी तुम्हाला 1911 च्या लारेडोला घेऊन जातो. लारेडो म्हणजे टेक्सासातलं अगदी सीमेवरचं गाव. तिथं निकासियो इदार नावाचा माणूस 'ला क्रोनिका' हे स्पॅनिश पत्र चालवायचा. घरातली पोरं त्यात लिहायची, त्यात मुलगी होविताही. नोव्हेंबर 1910 मध्ये टेक्सासातल्या रॉकस्प्रिंग्सला आंतोनियो रोद्रिगेस या वीस वर्षांच्या मजुराला जमावानं तुरुंगातून ओढून जिवंत जाळलं. जून 1911 मध्ये थॉर्नडेल गावी आंतोनियो गोमेस या 14 वर्षांच्या पोराला जमावानं मारून टाकलं. चौदा वर्षांचं पोर!

इदारांनी लिहून थांबवलं नाही. त्यांनी टेक्सासभरच्या मंडळांना हाक घातली, प्रतिनिधी पाठवा. 14 ते 22 सप्टेंबर 1911 ला लारेडोत 'पहिली मेक्सिकन परिषद' भरली. तारखा बघा! मध्येच 16 सप्टेंबर येतो. सणासाठी माणसं जमणारच होती, बँड ठरलेला होता, मंडप पडलेला होता. त्याच मंडपात त्यांनी विषय घेतले: जमावाच्या हत्या, पोरांना शाळेत मिळणारी वागणूक, स्पॅनिशचं शिक्षण, मजुरांचं शोषण, बायकांचं शिक्षण. मयतफंडाचे चिटणीस हत्याकांडाविरुद्ध ठराव करायला बसले. सणानं माणसं आणली, मंडळांनी प्रतिनिधी दिले, आणि परिषदेनं त्यांना प्रश्न दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बायकांनी स्वतःची संघटना केली, 'लिगा फेमेनिल मेक्सिकानिस्ता'. पहिली अध्यक्ष होविता इदार. पहिलं काम गरीब पोरांना फुकट शिकवणं. 1914 साली होविता दुसऱ्या एका पत्रात काम करत होती. अमेरिकन सरकारवर टीका छापली म्हणून टेक्सास रेंजर नावाचे हत्यारबंद पोलीस छापखाना फोडायला आले. ही बाई दारात उभी राहिली. तिला बाजूला करायची त्यांची हिंमत झाली नाही. नंतर ती नसताना येऊन त्यांनी छापखाना मोडला ही गोष्ट वेगळी. मर्दांची हीच पद्धत.

आता फंड संपाकडे कसा वळला ते बघा.

1928 साल. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इंपीरियल व्हॅली, वाळवंटात कालव्याचं पाणी आणून केलेले खरबुजांचे मळे. तिथं दोन मंडळं होती, एल सेंत्रो गावचं बेनितो हुआरेस मंडळ आणि ब्रॉलीचं इदाल्गो मंडळ. दोन्ही मयतफंडवाली. मजुरांची मुख्य तक्रार कोणती? मुकादम मजुरीतला चौथा हिस्सा हंगाम संपेपर्यंत स्वतःकडे ठेवायचा आणि कधी कधी तो घेऊन पळून जायचा. कसलं कमिशन आणि कसली अनामत, उघड दरोडा! त्या दोन मंडळांतल्या माणसांनी कामगार युनियन उभी केली. मागण्या साध्या: पेटीमागं 15 सेंट, पिशव्या आणि बर्फ फुकट, मजुरीची हमी मालकाची. मे महिन्यात काम थांबलं. शेरीफनं धरपकड केली, युनियनची जागा बंद केली, चार माणसं एकत्र दिसली की तुरुंग. संप मोडला. पण तो चौथा हिस्सा दाबून ठेवायचा करार राज्य सरकारच्या चौकशीत उघडा पडला आणि पुढच्या हंगामात ती अट काढावी लागली.

मला इथं तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे. युनियन कुणी बाहेरून आणली नाही. ती वही, तो खजिनदार, ती एकमेकांच्या उशाशी बसायची सवय आधीपासून होती. अनोळखी माणूस संपात चार दिवस टिकत नाही. ज्यानं तुझ्या बापाच्या तिरडीला खांदा दिलाय तो टिकतो.

एक गोष्ट त्याहून आधीची. 1903 साली कॅलिफोर्नियातल्याच ऑक्सनार्डला बीटच्या मळ्यात जपानी आणि मेक्सिकन मजुरांनी मिळून एक संघटना काढली आणि संप जिंकला. मग त्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कामगार महासंघाकडे मान्यता मागितली. महासंघाचा अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स. त्यानं कळवलं, मान्यता देतो, पण चिनी आणि जपान्यांना सभासद करायचं नाही. मेक्सिकनांचा चिटणीस लिझारास यानं ती मान्यता धुडकावली. सोबत उपाशी राहिलेल्या भावांना सोडून आम्हाला तुमचा कागद नको! गोऱ्या कामगाराच्या लाल झेंड्याखालीसुद्धा वर्णाची भिंत असते, हे त्या मजुराला 1903 साली कळलं होतं. आपल्याकडच्या कामगार चळवळीला गिरणीतल्या मडक्याची शिवाशिव कळायला किती वर्षं लागली, ते तुम्हीच आठवा.

आता दुसरी बाजू. मी इथं आरती ओवाळायला उभा नाही.

यातली सगळ्यात मोठी संस्था 'आलियान्सा इस्पानो-अमेरिकाना', 14 जानेवारी 1894 ला अॅरिझोनात टूसॉन गावी निघाली. गोऱ्यांच्या वंशद्वेषी संघटनांना तोंड द्यायला निघाली, पण काढणारे होते पत्रमालक, व्यापारी, जमीनवाले. 1930 च्या सुमारास 17 हजारांवर सभासद झाले. 1950 च्या दशकात अॅरिझोनातल्या शाळांतली वेगळी बसवणूक मोडायला या संस्थेची माणसं कोर्टात उभी राहिली, हे तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण संस्था मोठी झाली तसा हिशेब सभासदापासून लांब गेला. 1960 च्या दशकात कारभार आणि पैसा दोन्ही विस्कटले आणि संस्था कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली. सत्तर वर्षांचा मयतफंड!

दुसरं, सणाचं व्यासपीठ. 1921 पासून मेक्सिकन वकिलातीनं वस्त्यावस्त्यांतून आपल्या मानद समित्या नेमायला सुरुवात केली. त्यांनी कायदेशीर मदत केली, खोटं बोलणार नाही. पण मधली खुर्ची आता वकिलाची झाली. संपवाला खाली, सूटवाला वर. सणाची राणी निवडायची प्रथा पडली, तीही तिकिटं विकून. जिच्या बापाचं दुकान तिची तिकिटं जास्त. पापड लाटणाऱ्या पोरी असतात तशा तिथल्या तामाले उकडणाऱ्या पोरी राणीच्या रथामागून चालत राहिल्या. आणि बऱ्याच मंडळांत बायकांना बरोबरीचं सभासदत्व कित्येक वर्षं नव्हतं. वर्गणी गोळा करायला बाई, ठरावाला हात वर करायला बाप्या.

तिसरं, सगळ्यात कडू. 1929 साली टेक्सासात शिकलेल्या मेक्सिकनांनी नवी संघटना काढली, 'लुलॅक'. सभासद फक्त अमेरिकन नागरिक. म्हणजे काल सीमा ओलांडून आलेला मजूर बाहेर. त्यांनी भेदभावाविरुद्ध केसेस लढल्या, जिंकल्याही. पण त्या काळात युक्तिवाद काय करायचे? आम्हाला काळ्यांत मोजू नका, आम्ही गोरे आहोत. 1930 च्या जनगणनेतली ती 'मेक्सिकन' नोंद 1940 ला निघाली त्यामागे असला आग्रहही होता. शिडी मोडायची सोडून शिडीवर एक पायरी वर सरकायची ही चाल. जानवं घालून क्षत्रिय व्हायला निघालेले लोक आपल्याकडेही झाले. त्यानं आपली अस्पृश्यता गेली नाही, आणि त्यांचा मेक्सिकनपणा गेला नाही.

गेला नाही हे लगेच कळलं. 1929 ची मंदी आली. गोऱ्यांना काम नाही, मग मेक्सिकनांना हाकला. 26 फेब्रुवारी 1931 ला लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकात, जिथं त्यांचे मेळे भरायचे तिथं, सरकारी माणसांनी नाकेबंदी केली आणि सुमारे 400 लोकांना कोंडून कागद तपासले. त्या दशकात चार लाखांपासून दहा लाखांवर माणसं मेक्सिकोला पाठवली गेली, असे अंदाज आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे कायद्यानं नागरिकच, असं मानलं जातं. कागद होता की! कागदानं काय केलं? कॅलिफोर्निया राज्यानं या पापाबद्दल माफीचा कायदा केला 2005 साली. मेलेल्यांची माफी मागायला सरकारांना कायम वेळ असतो.

बेकारीत वर्गणी थकली, सभासद आगगाडीत बसवून पाठवले गेले, शेकडो मंडळं मेली. काहींनी तर जाणाऱ्यांच्या तिकिटाला आणि शिदोरीला शेवटची शिल्लक खर्च केली. मयतफंडातून निघालेलं हे शेवटचं मयत.

पण रीत मेली नाही.

1962 साली फ्रेस्नो गावी शेतमजुरांची एक नवी संघटना निघाली. सीझर चावेझ, डोलोरेस हुएर्ता आणि त्यांचे साथी. त्यांनी पहिल्या दिवशी संपाचं नाव काढलं नाही. वर्गणी ठेवली महिना साडेतीन डॉलर, आणि तिच्यात काय? मेल्यावर पुरण्याचा विमा. मग पतपेढी. म्हणजे तोच आज्याचा मयतफंड, नव्या वहीत. तीन वर्षं ते वह्याच भरत होते. 8 सप्टेंबर 1965 ला डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँगच्या पुढारपणाखाली संप पुकारला. मेक्सिकन मजूर काय करणार? फिलिपिनोंना फोडायला मेक्सिकन वापरायचे आणि मेक्सिकनांना फोडायला फिलिपिनो, हा मळेवाल्यांचा जुना धंदा. सभा बोलावली चर्चच्या सभागृहात. तारीख 16 सप्टेंबर! इदाल्गोच्या हाकेला 155 वर्षं झाली तो दिवस. सभागृह भरून वाहिलं आणि संपाचा ठराव झाला. त्या वर्षीची 'व्हिवा' संपाची झाली. लढा पाच वर्षं चालला. जुलै 1970 मध्ये द्राक्षवाले करारावर सही करायला बसले.

आणि आज? अमेरिकेत 5 मे म्हणजे बियरचा सण. 1980 च्या दशकात दारू कंपन्यांनी तो उचलला. फलक, सूट, कागदी टोप्या. पुएब्ला कुठं आहे ते पिणाऱ्याला ठाऊक नाही, गुलामीचा तर प्रश्नच नाही. कंपनीनं सणावर बंदी नाही घातली. तिनं सण प्रायोजित केला! बंदी घातली असती तर लोक लढले असते.

दोस्तहो, आता दोनच मिनिटं आपल्याकडे बघू. मी कुणा मंडळाचं नाव घेत नाही. जयंतीला आपली गल्ली फुलते, फुलायलाच हवी. ज्यांच्या बापजाद्यांना रस्त्यावरून चालायला बंदी होती त्यांनी रस्ता अडवून नाचलं म्हणून नाक मुरडणाऱ्या पांढरपेशांना मी उभा जाळायला तयार आहे. पण मी तुम्हाला तीन प्रश्न विचारतो. फलकावर फोटो कुणाचा आणि त्यानं पैसे किती दिले? जयंतीनंतर हिशेब वस्तीपुढं मोठ्यानं वाचला जातो का, आणि वाचला तर ऐकायला बायका पुढं बसलेल्या असतात का? आणि 15 एप्रिलला गटारात उतरलेला आपला भाऊ गुदमरून मेला तर त्याच्या बायकोच्या हातात त्याच रात्री ठेवायला त्या पेटीत काही उरलेलं असतं का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ज्या गल्लीत नीट असतील तिथं साउंड कितीही मोठा लावा, माझी हरकत नाही. तिथली पोरं उद्या मोर्चाला येतील, परवा संपाला उभी राहतील. जिथं नसतील तिथं फलक दरवर्षी मोठा होत जाईल आणि गल्ली लहान.

वही मागा. आजच आपापल्या मंडळात जा आणि वही मागा.

जय भीम!